पुरात शाळा निवारा केंद्र होते, तेव्हा मुलांच्या हक्कांचे काय?

विचारणा : नदीकाठची मुख्याध्यापिका, शिरोळ तालुका

सर्वांना नमस्कार. शिरोळ तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात मी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि त्या नात्याने शाळा व्यवस्थापन समितीची सचिवही आहे. येत्या १ मेच्या ग्रामसभेत समितीच्या वतीने एक विषय मांडायचा आहे. त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आमची शाळा गावठाणाच्या उंच भागात आहे. नदी पात्राबाहेर पडली की खालच्या वस्तीतील कुटुंबे सर्वांत आधी शाळेत येतात आणि त्यात काही गैर आहे असे मला मुळीच वाटत नाही. पाण्यात घर गेलेल्या माणसाला छप्पर द्यायचे नसेल, तर गावाने शाळा बांधली कशासाठी? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी शाळेतही शिरले आणि अख्खे गाव जनावरांसह बाहेर काढावे लागले. त्याहून लहान पुरात, उदाहरणार्थ २०२४ च्या जुलैमध्ये, शाळा निवारा केंद्र राहिली. वर्गांत संसार मांडलेले, व्हरांड्यात शेळ्या, मैदानात वैरणीचे भारे आणि मदतीच्या गाड्या, असे ते चित्र असते. पाणी ओसरले की लोक घरी जातात, परंतु शाळा काही दुसऱ्या दिवशी सुरू होत नाही. चिखल काढणे, टाकी धुणे, फवारणी करणे, भिजलेली हजेरीपत्रके वाळवणे हे सारे आम्हीच करतो. पोषण आहाराचा भिजलेला तांदूळ पंचनामा होईपर्यंत हलवता येत नाही, आणि त्या पोत्यांचा आंबूस वास मुले वर्गात आल्यावरही कितीतरी दिवस जात नाही.

या सगळ्यात मुलांचे जे होते ते कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. दुसरीची जी मुले जूनमध्ये जोडाक्षरे वाचू लागलेली असतात, ती ऑगस्टअखेर पुन्हा अडखळतात. पाचवीपासूनच्या मुली घरातला गाळ काढायला आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मागे राहतात व सर्वांत उशिरा परततात. चौथीतला एक मुलगा पाऊस वाढला की परिपाठाआधी माझ्याकडे येऊन “मॅडम, पाणी किती फुटावर आलंय?” असे विचारतो आणि उत्तर ऐकून दप्तरातली पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिला गाठ मारतो. हे त्याला कोणी शिकवलेले नाही.

समितीतील काही सदस्यांचे म्हणणे असे की पूर ही दैवी आपत्ती आहे, तिच्यात हक्काची भाषा कसली. दुसरे म्हणतात की हवामान बदल हा साऱ्या जगाचा प्रश्न आहे, त्यावर आमची ग्रामसभा काय करणार. माझे विचारणे असे आहे की हवामान बदलामुळे मुलांच्या हक्कांवर गदा येते, या म्हणण्याला कायद्याचा आधार आहे का, तो आधार गावपातळीवर वापरता येतो का, आणि येत असेल तर नेमके काय मागावे. मला भाषण करायचे नाही. ठरावात लिहिता येईल असे काही सुचवावे, ही विनंती.

उत्तर १ : करवीरचा वकील

मॅडम, ‘दैवी आपत्ती’ या आक्षेपाचे उत्तर आधी देतो, कारण ग्रामसभेत तोच पहिल्यांदा येईल. आपत्तीमुळे शासनाची काही कामे अवघड होतात हे मान्य. परंतु मुलाचा हक्क त्या काळापुरता रद्द होतो असे आपल्या कायद्यात कोठेही नाही. संविधानाच्या कलम २१-अ ने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तो तपशिलात उतरवला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० अध्यापन तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास असे लिहिले आहे. पुराच्या वर्षी कमी चालतील, अशी सवलत त्या अनुसूचीत नाही. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्येच प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला, तेथे आज मूल शाळेत यायला तयार असताना शाळाच उपलब्ध नसेल, तर दंड कोणाला, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

आता मोठ्या व्यासपीठांवर काय झाले ते थोडक्यात सांगतो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा. भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला. जगणे व विकास, आरोग्य, शिक्षण, खेळ व विश्रांती आणि स्वतःशी संबंधित निर्णयांत म्हणणे ऐकले जाणे, हे त्यातले हक्क आपल्या विषयाशी थेट जोडलेले आहेत. त्या कराराची समिती २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सव्विसाव्या सर्वसाधारण भाष्यात हवामान बदलावर सविस्तर बोलली. ते भाष्य तयार करताना १२१ देशांतील मुलांकडून १६,३३१ सूचना आल्या होत्या. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात निकाल देताना, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे म्हटले. आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही जुलै २०२५ च्या सल्लागार मतात राष्ट्रांची या बाबतीतली कर्तव्ये स्पष्ट केली आहेत. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे.

मात्र एवढ्यावर ग्रामसभेत उभे राहू नका. हवामान बदल रोखण्यासाठी सरकार पुरेसे करत नाही, असा अर्ज उत्तराखंडच्या रिद्धिमा पांडे या मुलीने २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे केला. तो २०१९ मध्ये फेटाळला गेला. त्याच वर्षी ती, हवामानासाठी आंदोलन करणारी स्वीडनची ग्रेटा थनबर्ग आणि इतर अशा सोळा मुलांनी बालहक्क समितीकडे तक्रार केली. देशाच्या सीमेबाहेर होणाऱ्या हानीलाही राष्ट्र जबाबदार धरले जाऊ शकते हे तत्त्व समितीने २०२१ मध्ये मान्य केले, पण आधी आपापल्या देशातील न्यायालयांत जायला हवे होते, असे सांगून ती तक्रार दाखल करून घेतली नाही. तत्त्व मिळाले, मुलांच्या हाती काही पडले नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की आपल्यासारख्यांनी या मोठ्या निकालांचा उल्लेख प्रस्तावनेत एका वाक्यात करावा आणि मागणी मात्र अगदी लहान, लेखी आणि तारखेसह असणाऱ्या नियमांवर करावी.

असा एक नियम तुमच्या त्या भिजलेल्या तांदळाशीच संबंधित आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ खालील मध्यान्ह भोजन नियम २०१५ चे आहेत. धान्य नाही, इंधन नाही, स्वयंपाकी नाही किंवा अन्य कोणत्याही कारणाने शाळेच्या दिवशी जेवण देता आले नाही, तर राज्याने मुलाला त्याच्या वाट्याचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्यायचा असतो. यावर असा युक्तिवाद होईल की जिल्हाधिकाऱ्यांनी सुटी जाहीर केल्यावर तो ‘शाळेचा दिवस’ राहत नाही. त्याला उत्तर म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा मे २०१६ चा आदेश पुढे ठेवा. दुष्काळग्रस्त भागात उन्हाळी सुटीतसुद्धा शालेय भोजन द्यावे, असे त्यात सांगितले होते. दुष्काळात सुटीत जेवण देता येते, तर पुरात का नाही? निवारा केंद्रात ही मुले शाळेच्याच इमारतीत राहत असतात, ही गोष्टही नोंदवायला विसरू नका.

एक मागणी मात्र करू नका. शिक्षकांना पूरकामाला लावू नये, असे कोणीतरी हमखास सुचवील. परंतु शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नेच जनगणना व निवडणुकीबरोबर आपत्ती निवारणाचे काम अपवादात ठेवले आहे. त्याऐवजी निवारा केंद्रावर नेमलेल्या शिक्षकांपैकी किमान एकाकडे फक्त मुलांचे काम असावे, असे मागा. ते नाकारणे कोणालाही जड जाईल.

उत्तर २ : निवृत्त शाखा अभियंता, कोल्हापूर

वकील साहेबांनी सांगितले त्याला विरोध नाही, पण ठरावात “हवामान बदलामुळे पूर आला” असे सरसकट वाक्य घालू नये, असे मला वाटते. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस कमी वेळात जास्त कोसळण्याची शक्यता वाढते, हे भौतिकशास्त्र पक्के आहे. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे २०१७ च्या एका संशोधनात दिसले, आणि त्याचा संबंध अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाशी जोडला गेला. कोल्हापूर त्या पट्ट्यात येत नाही, म्हणून तो आकडा जसाच्या तसा येथे चिकटवू नये. समोरचा माणूस अभ्यासू निघाला तर एवढ्यावरून सगळा ठराव खोडून काढील.

पाऊस पडतो तो राधानगरी, गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीच्या डोंगरात. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी पंचगंगेत येते आणि राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा व ४३ फुटांना धोका पातळी होते, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये ती पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली. शिरोळची अडचण याहून वेगळी आहे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच भरून वाहत असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे जायला जागा नसते, ते मागे फुगते, आणि उतार अगदी कमी असल्यामुळे शहरातला पूर ओसरल्यानंतरही तुमच्या गावांत पाणी रेंगाळते. शहरातल्या शाळा सुरू झाल्या म्हणजे जिल्ह्यातल्या शाळा सुरू झाल्या असे धरून जे आदेश निघतात, ते शिरोळला म्हणूनच लागू पडत नाहीत. (कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा विषय मी मुद्दाम काढत नाही. तो एकदा निघाला की मुले बाजूला राहतील.)

याशिवाय पूररेषेतील बांधकामे, ओढ्यांवरील भराव आणि रस्त्यांची वाढवलेली उंची यांचा वाटा आहेच. सगळे खापर हवामान बदलावर फोडले की या गोष्टी आयत्याच सुटतात; नोकरीच्या काळात अशी सुटका करून घेणारी टिपणे मी पुष्कळ पाहिली आहेत. तेव्हा ठरावात इतकेच लिहावे की अतिवृष्टीचे प्रमाण वाढत असल्याने पूर्वी क्वचित येणारा प्रसंग आता वारंवार येईल असे गृहीत धरून मुलांची व्यवस्था करावी. हे वाक्य कोणालाही खोडता येणार नाही.

उत्तर ३ : बालरोगतज्ज्ञ, राजारामपुरी

वैद्यकीय बाजू थोडी विस्ताराने मांडतो, कारण मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, असे समजूनच बहुतेक मदत आखली जाते.

वजनाच्या मानाने मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग मोठा असतो, त्याला पाणी जास्त लागते आणि त्याचा श्वास वेगाने चालतो. त्यामुळे उष्णता, दूषित पाणी आणि दूषित हवा या तिन्हींचा मार त्याला मोठ्या माणसापेक्षा लवकर बसतो. तान्ह्या बाळाला तर गरम होत आहे हेही सांगता येत नाही. पुरानंतरच्या दिवसांत आमच्याकडे जुलाब, कावीळ, त्वचेचे विकार आणि पुढे साचलेल्या पाण्यातील डासांमुळे डेंगी, असा क्रम साधारण ठरलेला असतो. उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसकडेही लक्ष ठेवावे लागते, म्हणून गाळ काढण्याच्या कामाला मुलांना अनवाणी लावू नये. मॅडमनी ज्या मुलींचा उल्लेख केला, त्यांच्याबाबत हा केवळ शाळा बुडण्याचा प्रश्न नाही. पाण्याची शंका कधीही हलकी घेऊ नये. इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यामुळे पसरलेली काविळीची साथ अनेकांना आठवत असेल, आणि तेव्हा तर पूरही नव्हता.

निवारा केंद्रासाठी दोन गोष्टी आग्रहाने सांगतो. पहिली, ओआरएसबरोबर जस्ताच्या गोळ्या ठेवाव्यात आणि जुलाब थांबले तरी त्या १४ दिवस पूर्ण द्याव्यात. आया दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंद करतात. दुसरी गोष्ट अनेकांना आवडणार नाही. पुराच्या वेळी शहरातून मदत घेऊन येणारी मंडळी दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या वाटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण जेथे प्यायला पाणी नाही तेथे बाटली उकळायला पाणी कोठून येणार? अशी बाटली म्हणजे जुलाबाला आमंत्रण. शिवाय १९९२ च्या कायद्याप्रमाणे अनाथालयांखेरीज कोठेही बाळाच्या पावडरीचे असे फुकट वाटप करता येत नाही. त्यापेक्षा अंगावर पाजणाऱ्या आईला आडोसा, पोटभर जेवण आणि स्वच्छ पाणी मिळेल एवढे पाहावे. एका वर्गखोलीवर पडदा लावून ती फक्त गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि वयात आलेल्या मुलींसाठी ठेवली, तर निम्मे प्रश्न सुटतात.

पुराच्या गडबडीत उन्हाळा विसरला जातो. कोल्हापूरचा उन्हाळा विदर्भासारखा नसतो, हे खरे. पण पत्र्याच्या वर्गखोलीत एप्रिलच्या अकरा वाजता बसलेल्या मुलाला त्या तुलनेचा उपयोग नाही. गरोदरपणात अति उष्णता सोसावी लागली, तर बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, हेही आता चांगले प्रस्थापित झाले आहे. युनिसेफने जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२४ या एका वर्षात ८५ देशांतील किमान २४.२ कोटी विद्यार्थ्यांचे शिक्षण हवामानाच्या घटनांमुळे विस्कळीत झाले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा उष्णतेच्या लाटांचा होता. १९६० साली जन्मलेल्या माणसाच्या तुलनेत २०२० साली जन्मलेल्या मुलाला आयुष्यभरात दोन ते सात पट अधिक टोकाच्या घटना सोसाव्या लागतील, असा अंदाज २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. तुमच्या ग्रामसभेत पहिल्या रांगेत बसणारे आजोबा आणि अंगणवाडीतून नुकतीच पहिलीत आलेली त्यांची नात यांच्यातला हा फरक आहे; असे सांगितले तर तो आकडा लोकांना कळेल.

चौथीतल्या त्या मुलाबद्दल. पुस्तके पिशवीत बांधणे हे आजाराचे लक्षण नाही, ती त्याची समजूतदार तयारी आहे आणि तिच्याबद्दल त्याचे कौतुकच करावे. झोप उडणे, अंथरूण ओले करणे, पावसाचा आवाज आला की आईला न सोडणे, बोलणे कमी होणे, असे पूर ओसरल्यावरही चालू राहिले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. पुरानंतर बाहेरून येऊन मुलांना पुराचीच चित्रे काढायला लावणाऱ्यांना मी शक्यतो थांबवतो. मुलाला त्या वेळी हवे असते ते नेहमीचे वेळापत्रक, ओळखीची बाई आणि खेळ. म्हणून मैदान आधी मोकळे करावे. पुराचा कचरा आणून टाकायला गावाला दुसरी जागा सापडत नाही आणि ढीग नेमका शाळेच्या मैदानावर पडतो, हे मी एकाहून अधिक गावांत पाहिले आहे. ज्या जिल्ह्याला तालमीचा आणि फुटबॉलचा एवढा अभिमान, तेथे हे शोभत नाही.

उत्तर ४ : शिरोळकर

एवढे कायदे कशाला? शाळेला हात लावू नका, निवाऱ्यासाठी वेगळे सभागृह बांधा म्हणावे. विषय संपला.

निवृत्त शाखा अभियंता

शिरोळकर, मागणी रास्त आहे, पण जागा दाखवा. नकाशावरची निळी पूररेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. नवे सभागृह लाल रेषेबाहेर हवे, आणि काही गावांत गावठाणाची एकही जागा तिच्या बाहेर येत नाही. सभागृह होईपर्यंतचे पावसाळे मुलांनी कसे काढायचे, हा मॅडमचा प्रश्न आहे.

उत्तर ५ : साखरशाळेतील कार्यकर्ती, हातकणंगले तालुका

मुख्याध्यापिका ताई, तुमच्या ठरावात आणखी काही मुलांना जागा मिळावी, म्हणून लिहिते आहे. ही ऊसतोड मजुरांची मुले तुमच्या हजेरीपत्रकावर नाहीत, पण हंगामात तुमच्याच शिवारात राहतात.

मराठवाड्यात पाऊस दगा देतो तेव्हा बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन आपल्याकडे येतात. तिकडचा दुष्काळ आणि इकडचा पूर हे दोन्ही त्याच कुटुंबाच्या वाट्याला येतात. पुरात ऊस बुडाला किंवा पाऊस लांबला की गळीत हंगाम उशिरा सुरू होतो आणि उचल फिटेपर्यंत थांबायचे म्हणून तोड उन्हाळ्यात ढकलली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे तान्हे बाळ फडावरच असते. पहाटे बैलगाडीच्या जुवाला साडीची झोळी बांधून आई तोडणीला लागते. सूर्य वर आला की गाडीची सावली आखडत जाते, आणि झोळी हलवायला सात-आठ वर्षांची मोठी बहीण असते. म्हणजे एका बाळाच्या उन्हासाठी एका मुलीची शाळा जाते.

शिक्षण हक्क कायद्यात या मुलांसाठीही तरतूद आहे. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला, या कारणाने प्रवेश अडवता येत नाही. गावी हंगामी वसतिगृहे आहेत, स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे. कागदावर व्यवस्था वाईट नाही. प्रत्यक्षात टोळी आल्याची बातमी कारखान्याच्या शेती विभागाला आणि मुकादमाला असते, शाळेला नसते. ग्रामपंचायतीने हंगाम सुरू होताच कोप्यांवरील, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांतील, सहा वर्षांखालील आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांची यादी करून अंगणवाडी व शाळेला द्यावी, एवढे एक वाक्य ठरावात आले तरी आमचे अर्धे काम होईल. हाच कलम ५ चा आधार पुरात दाखले वाहून गेलेल्या मुलांनाही लागू पडतो, हे तुमच्या उपयोगाचे आहे.

मुलींबद्दल एक गोष्ट उघड बोलायला हवी. पूर असो वा दुष्काळ, पैशाची ओढाताण झाली की सातवी-आठवीतील मुलीचे लग्न उरकण्याची घाई वाढते. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आहे आणि १०९८ हा मदत क्रमांक आहे, पण पुरानंतर ज्या मुली शाळेत परतल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन कोणीतरी विचारणे, हे त्या कायद्याच्या आधीचे पाऊल आहे. ग्राम बालसंरक्षण समितीकडे ते काम नाव घेऊन सोपवावे.

नदीकाठची मुख्याध्यापिका

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, दुधाच्या पावडरीचा मुद्दा आमच्या अंगणवाडी सेविकेने पूर्वी मांडला होता, तेव्हा आम्ही तो मनावर घेतला नव्हता. कार्यकर्ती ताई, कोप्यांवरील मुलांची यादी ठरावात घालते आहे.

वकील साहेब, आणखी दोन शंका आहेत. या कामांसाठी ग्रामपंचायत कोणता निधी वापरू शकते? आणि मुलांना स्वतःला ग्रामसभेत बोलता येईल का? सहावी-सातवीच्या मुलांना शाळेबद्दल काय वाटते हे मी सहज विचारले, तेव्हा त्यांनी सांगितलेली पहिली गोष्ट आमच्या कोणाच्याच लक्षात आलेली नव्हती. निवारा केंद्र असताना स्वच्छतागृहाला रात्री दिवा नसतो आणि मुली तिकडे जायचे टाळण्यासाठी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत.

करवीरचा वकील

ग्रामसभेत मतदानाचा हक्क अठरा वर्षांवरील मतदारांना आहे, परंतु तिच्या आधी बालसभा घेऊन तिचे म्हणणे ग्रामसभेपुढे वाचून दाखवण्यास काहीच आडकाठी नाही. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी ज्या नऊ संकल्पना ठरवल्या आहेत त्यांत ‘बालस्नेही गाव’ ही एक आहे, त्यामुळे बालसभेचा ठराव आराखड्याला जोडता येतो. स्वच्छतागृहाच्या दिव्याचा मुद्दा मुलींच्याच शब्दांत जाऊ द्या. आपण तो सुधारून लिहू नये.

निधीबाबत सांगायचे तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचा असतो. अनेक गावांत तो वर्षअखेरीस घाईने कशावर तरी संपवला जातो. सौर दिवे, पडदे, पुस्तकांसाठी उंचावरचे बंद कपाट, धान्यासाठी फळीचा मांडव, ओआरएस व जस्ताचा साठा हे सारे त्यात सहज बसते. शाळा दुरुस्तीसारखा मोठा खर्च मात्र जिल्हा परिषदेकडे मागावा लागेल.

ठरावाचा गाभा मी असा ठेवीन : अतिवृष्टीचे प्रसंग वाढत असल्याने शाळा निवारा केंद्र होणार हे गृहीत धरून, केंद्र सुरू होताच एक खोली माता व मुलींसाठी आणि एक खोली मुलांच्या अभ्यास व खेळासाठी राखून ठेवावी, एका शिक्षकाची नेमणूक फक्त मुलांसाठी करावी, न मिळालेल्या जेवणाचा भत्ता पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत देण्याची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे त्याच आठवड्यात लेखी करावी, बुडालेले दिवस कोणत्या सुट्यांतून भरून काढायचे ते पाणी ओसरल्यावर शाळा व्यवस्थापन समितीने ठरवून कळवावे, आणि कुटुंबांना घरी पाठवल्यानंतर शाळा स्वच्छ करून परत ताब्यात देण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची राहील. शेवटच्या कलमावर सर्वाधिक वाद होईल. ते सोडू नका, कारण चिखल शिक्षकांनी आणि मुलांनी काढायचा हे आजवर कोणी न लिहिता ठरलेले आहे.

निवृत्त शाखा अभियंता

एक भर घालतो. ‘केंद्र सुरू होताच’ असे लिहिले तर केंद्र कधी सुरू झाले यावरच वाद होतो. त्याऐवजी तुमच्या गावाला जवळच्या पुलावरची किंवा बंधाऱ्यावरची जी पातळी लागू पडते ती फुटांत लिहा, आणि ती गाठण्याच्या दोन फूट आधी धान्य व पुस्तके वर हलवावीत, असे म्हणा. गावातल्या जुन्या माणसांना कोणत्या फुटाला कोणती गल्ली बुडते हे तोंडपाठ असते. त्यांच्याकडून विचारून तलाठी कार्यालयातल्या नोंदींशी ताडून घ्या. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्याची पावसाळ्यापूर्वीची उजळणी मेमध्ये चालू असते, म्हणून ठरावाची प्रत १ मेनंतर लगेच तहसीलदारांकडे गेली पाहिजे. जूनमध्ये पाठवलेला कागद पुढच्या वर्षीच्या फायलीत जातो.

नदीकाठची मुख्याध्यापिका

पातळी फुटांतच लिहिते. बालसभा या शनिवारी सकाळच्या शाळेनंतर ठेवली आहे. मुलांनी सांगितलेले आणि ठरावाचा कच्चा मसुदा त्यानंतर येथे टाकते. वकील साहेब, भत्त्याच्या कलमाची शब्दरचना तेव्हा एकदा डोळ्यांखालून घालावी.